जहाजावरचं झुलतं होकायंत्र: गरज की हौस?

गिरगावकर: परवा चोर बाजारात लाकडी पेटीतलं पितळी होकायंत्र पाहिलं. पेटी कशीही कलवा, आतली वाटी आपली सपाट! एकात एक दोन कडी, त्यांच्या खिळा एकमेकींना काटकोनात, बस्स. पण जीपीएस आणि जायरो, म्हणजे विजेवर चालणारं होकायंत्र, असताना नव्या जहाजांवर हा सरंजाम कशाला? माझ्या मते निव्वळ हौस. मांडव्याच्या बोटीत माझ्या मोबाईलचा गिंबल, म्हणजे मोटरवाला स्टँड, क्षितिज छान सरळ ठेवतो.

निवृत्त_सेकंडमेट: हौस नाही, नियम. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजाची दिशा सांगणारं चुंबकीय होकायंत्र, नाहीतर विजेवाचून चालणारं दुसरं साधन, असावंच लागतं. जायरो एकदा बंद पडला की पुन्हा उत्तरेवर स्थिरावायला काही तास घेतो. आमच्या जहाजावर एका रात्री ब्लॅकआउट झाला, तेव्हा सुकाणी मान वर करून पेरिस्कोपच्या नळीतून छतावरचं होकायंत्र वाचत होता. पहाटेपर्यंत! तुमच्या गिंबलची बॅटरी किती वेळ टिकते?

सायन्सचा_मास्तर: विजेवाचून हवं, कबूल. पण कड्यांचं एवढं कौतुक नको. कडी फक्त मोकळीक देतात. वाटी सपाट राहते ती बुडाच्या वजनामुळे, म्हणजे हा लोलकच झाला. लोकलला ब्रेक लागला की वरची हँडलं एकजात पुढे झुकतात ना? जहाजाला हिसका बसला की वाटीचंही तेच. मोटरवाल्या गिंबलचे सेन्सर अशा हिसक्याला सहजी फसत नाहीत.

निवृत्त_सेकंडमेट: मास्तर, म्हणून तर वाटीत द्रव भरतात. तबकडीचे झोके तो जिरवतो.

वेसावकर: आमच्या बोटीवर जीपीएस आहे, तरी तांडेल होकायंत्राजवळ कोयता ठेवू देत नाही, लोखंडाने सुई फिरते म्हणून. पण खरा वैरी खारं वारं. खिळीत मीठ धरलं की कडं अडकतं, आणि अडकलेलं कडं बंदरात उभ्या बोटीवर चांगलंच दिसतं. कळतं ते बाहेर लाटेत गेल्यावर.

पावसाळी_पाहुणा: जुनाट म्हणणाऱ्यांसाठी: १६व्या शतकातल्या कार्डानो या इटालियन विद्वानाचं नाव या कड्यांना चिकटलं, पण चीनमध्ये डिंग हुआन या कारागिराचं अशा कड्यांतलं धुपाटणं दुसऱ्या शतकातलं. आणि अपोलो यानाच्या दिशादर्शकातही कडीच होती, तीन. दोन कड्यांच्या खिळा एका रेषेत आल्या की एक मोकळीक जाते. ही अडचण टाळायला १९६९ मध्ये अपोलो ११ च्या मायकेल कॉलिन्सने नाताळची भेट म्हणून चौथं कडं मागितलं होतं, अर्थात थट्टेत.

गिरगावकर: जहाजापुरतं मागे घेतो. ते होकायंत्र घ्यावं का मग?

निवृत्त_सेकंडमेट: वाटीची कड बोटाने दाबून सोडा. झोके घेत सपाट झाली तर ठीक. कलती तशीच राहिली तर बुडाला वजन नाही किंवा खीळ धरलीय. शोकेससाठी चालेल.

गिरगावकर: रविवारी बोट लावून बघतो. मांडव्याला मात्र गिंबलच नेणार.