झऱ्याची जुनी एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंट) लाइन बदलायची आहे: ७५ मिमी पुरेल का?

प्रश्न (डोंगरपाणी)

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातलं गाव, वस्ती २,६००. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उतारानं टाकीत येतं, पंप नाही. लाइन १०० मिमी एसीची, चाळीसेक वर्षं जुनी, लांबी २.४ किमी. चेंबर (झऱ्याशी पाणी गोळा होतं ती हौदी) ते टाकी उतार ६८ मीटर. मात्र १.१ किमीवर एक टेकाड लागतं, ते चेंबरपेक्षा फक्त ९ मीटर खाली. पुढे ओढा, तो चेंबरपेक्षा ८० मीटर खाली. एप्रिलमध्ये झऱ्याशी २० लिटरची बादली ७ सेकंदांत भरते, टाकीवर १२ सेकंद लागतात. सारख्या कॉलरी (नळ्यांचे जोड) गळतात. एस्टिमेट ७५ मिमी एचडीपीई (प्लास्टिकची नळी), पीएन-६ चं आलंय. चालेल का?

उत्तर (वॉटरमन_खानापूर)

आधी एक बघा की हो: बादली झऱ्यावर ७ सेकंदांत भरते त्या वेळी चेंबरच्या ओव्हरफ्लोतून पाणी सांडतंय का? सांडत असेल तर ती गळती नव्हे. लाइनच पाणी घेत नाही: टेकाडावर हवा अडकलीय, नाहीतर मुळं किंवा गाळ बसलाय. ओव्हरफ्लो कोरडा असेल तर मात्र सेकंदाला १.२ लिटर, म्हणजे तासाला सव्वाचार हजार लिटर पाणी वाटेत मुरतंय. एप्रिलमध्ये लाइनीवरून चालत जा, हिरवं गवत नि ओल दिसेल तिथं खोदा.

टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून गळती शोधायला जाऊ नका. ओढ्याशी ८ किलोचा (चौरस सेंटिमीटरला) दाब येईल आणि जुना एसी तिथंच फुटेल.

टाकीत आत्ता दिवसाला १.४४ लाख लिटर येतं. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरनं २,६०० जणांना १.४३ लाख लागतं. टाकीनंतर गावातल्या लाइनीत थोडं जरी गळलं तरी शेवटच्या गल्लीला पाणी कमी पडणार.

उत्तर (उतारमापक)

एस्टिमेट तसंच मान्य करू नका. दोन्ही आकडे चुकलेत.

पीएन-६ म्हणजे नळी ६ किलो दाब झेलते. पाणी थांबलं की ओढ्याशी ८ किलो, वर व्हॉल्व्ह झटकन बंद केल्याचा धक्का. पीई-१०० (एचडीपीईचा मजबूत दर्जा) चा पीएन-१० च घ्या, आयएस ४९८४ या मानकाचा छाप बघून.

आता व्यास. झऱ्याचं सगळं पाणी, सेकंदाला २.८६ लिटर, ७५ मिमी पीएन-१० मधून नेलं तर पूर्ण लांबीत जवळपास ३० मीटर घर्षणात जातात. ६८ मीटर उतार बघून हे पुरेसं वाटतं. पण टेकाडापर्यंतच साडेतेरा मीटर खर्च होतात आणि तिथं हातात आहेत ९. म्हणजे टेकाडावर दाब शून्याखाली जाईल, लाइन हवा धरेल, पाणी हिसके देत येईल. ९० मिमीत पूर्ण लांबीला १२ मीटर, टेकाडापर्यंत साडेपाच, साडेतीन शिल्लक. म्हणून ९० च.

टेकाडावर डबल ॲक्टिंग एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडतो, आतही घेतो), ओढ्याशी ५० मिमी वॉशआउट (गाळ काढायचा व्हॉल्व्ह). टाकीचा व्हॉल्व्ह मात्र कधीच पूर्ण उघडू नका. उघडा सोडला तर ९० मिमी झऱ्यापेक्षा जास्त पाणी ओढते, चेंबर रिकामं होतं आणि हवा आत शिरते. चेंबरचा ओव्हरफ्लो नुसता पाझरायला लागेपर्यंत व्हॉल्व्ह आवळायचा, तिथं खूण करून ठेवायची. उन्हाळ्यात झरा उतरेल तशी ती जागा बदलावी लागेल.

डोंगरपाणी

ओव्हरफ्लो कोरडाच आहे. जुनी एसी उपसून त्याच चरीत नवी टाकावी का?

उत्तर (वॉटरमन_खानापूर)

नको. जुनी जमिनीतच राहू दे, नवी शेजारून न्या. नवी पास होईपर्यंत गावाला जुन्यातूनच पाणी मिळतं. एसीत ॲस्बेस्टॉस असतं. जोडणीपुरता तुकडा कापायचाच झाला तर ओला करून हातकरवतीनं कापा, ग्राइंडर लावू नका. घाटातलं मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी त्यातला चुना हळूहळू खातं. ओल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडा काढा, भुसभुशीत लागला तर दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

१०० मीटरची कॉइल घेतलीत तर २३-२४ वेल्ड होतात, ६ मीटरच्या नळ्यांना चारशे. एक कॉइल १३५ किलोच्या पुढे जाते, वर न्यायला माणसं लागतील. चरीत तळाला १० सेमी चाळलेली माती, नळीवर ९० सेमी भर. चिऱ्याचा टोकदार दगड नळीला टेकला की काही वर्षांनी तिथंच चीर जाते. वेल्डिंगला टोकं फेसरनं (टोक सपाट करायच्या यंत्रानं) सोलून घ्या, क्लॅम्पमध्येच थंड होऊ द्या, पाणी ओतून घाई करू नका. ओढा ओलांडताना ९० ची नळी १५० मिमी जीआय केसिंगमधून न्या, वणव्यापासूनही वाचते.

चर बुजवण्याआधी ओढ्याशी १२ किलोची टेस्ट घ्या, जॉइंट उघडे ठेवून. एचडीपीई सुरुवातीला ताणते, त्यामुळे दाब थोडा उतरतो. पुन्हा भरा आणि मग मोजा. नंतर लाइन भरायला सुमारे ११,८०० लिटर लागतं, त्याला ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर २ किलो, २४ तास मुरवत ठेवा. ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.

उत्तर (ग्रामसभा_वाचक)

लाइन वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन त्या यादीत आहे. जागा एक हेक्टरच्या आत हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ६० सेमी रुंद चर धरली तर तुमची जागा १,४४० चौरस मीटर, सव्वाचौदा गुंठे. भीमगड अभयारण्यात येत असाल तर वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी. ठराव आत्ताच घ्या. जूनमध्ये पाऊस धरला की तिथं चर उभी राहत नाही.