विमान गेलं आणि पाऊस पडला, एवढ्यानं काय सिद्ध होतं?

प्रयोगवही (सोलापूर)
काल चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद. एकजण म्हणाला, "विमानानं ढग पळवले." दुसरा म्हणाला, "पळवले कुठं? आमच्याकडं विमान गेलं आणि तासाभरात सरी आल्या." दोघंही डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला मनापासून वाटतं की पावसाच्या बाबतीत डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या भागात ढगबीजनाचा प्रयोग केला. आपण पडलो पर्जन्यछायेत, ढग येतात आणि न बरसताच पुढं सरकतात, म्हणून सोलापूर. ढगाच्या तळाशी विमान न्यायचं आणि कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवायच्या. क्षाराचे कण बाष्प ओढून घेतात, त्यांचे थेंब मोठे होतात, बारक्या थेंबांना पोटात घेत जड होतात आणि खाली येतात.

एकूण २७६ ढग अभ्यासले, पण बीजन सगळ्यांवर केलं नाही. कुठल्या ढगावर करायचं आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. माझ्या मते तसेच सोडलेले ढग हाच त्या प्रयोगाचा जीव. ते नसते तर जो पाऊस एरवीही पडणारच होता, तो विमानाच्या खात्यावर गेला असता. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: वाऱ्याच्या दिशेनं सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत.

आता १८ टक्के म्हणजे किती? १० मिलिमीटरचे जेमतेम १२. अंगणात ठेवलेल्या पातेल्यात हा फरक कोणाला दिसणार? त्यातून आपल्याकडचा पाऊस म्हणजे बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं.

कोरडवाहू (मंगळवेढा)
सर, राग मानू नका. २०१८ ला आमची ज्वारी उगवलीच नाही. जनावरं चाऱ्याविना, आणि तुम्ही सांगताय की आलेले ढग मुद्दाम सोडून दिले! घरात दोन आजारी असताना चिठ्ठी टाकून एकालाच औषध द्यायचं का? आणि शेतकऱ्यानं पाहिलेलं ते ज्ञान नाही, हे कुठलं शास्त्र? मालदांडी ज्वारी आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, तेव्हा कुठली संस्था आली होती?

प्रयोगवही
राग कशाला मानू, तुमचं दुखणं खरं आहे. पण ते औषध आहे की नुसतं रंगीत पाणी, हेच कळलेलं नव्हतं. माहीत असून कोणी सोडलं असतं तर मीही तुमच्या बाजूनं भांडलो असतो. मालदांडीचं म्हणाल तर वाण तुमचंच. मोहोळच्या संशोधन केंद्रात त्यातूनच निवड करून एम ३५-१ काढलं. वेगवेगळी कणसं निवडायची, शेजारीशेजारी पेरायची आणि वजन करायचं. शेतकऱ्याची नजर सुरुवातीला लागतेच, पण निकाल तराजू देतो.

हिशेबी (बार्शी)
मला दोघांचंही पटलेलं नाही. सर, तुम्ही १८ टक्के असे सांगताय जणू सातबाऱ्यावर नोंद झाली. अमेरिकेनं १९६२ पासून १९८३ पर्यंत चक्रीवादळांचा जोर कमी करायला बीजनाचा प्रकल्प चालवला. १९६९ मध्ये 'डेबी' वादळाचा वारा जास्तीत जास्त ३१ टक्क्यांनी उतरला आणि केवढा आनंद झाला. पुढं लक्षात आलं की बीजन न केलेल्या वादळांतही डोळ्याभोवतीची, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीची, ढगांची भिंत आपोआप बदलते आणि वारा तसाच उतरतो. इस्रायलचे जुने प्रयोग तर जगभर नावाजलेले. २०१३ ते २०२० त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकून तपासलं, तर वाढ इतकी किरकोळ की योगायोगापासून वेगळी काढता येईना. एका ठिकाणच्या दोन पावसाळ्यांवर मी माझ्या तालुक्याचा पैसा लावू देणार नाही.

प्रयोगवही
'डेबी'चा दाखला बिनतोड आहे. पण इस्रायलचे ढग हिवाळ्यातले, थंड, तिथं सिल्व्हर आयोडाइड बर्फाचे कण तयार करायला वापरलं. आपल्याकडं उबदार तळ आणि क्षार, थेंब वाढण्याची रीतच निराळी. तिथला नकार जसाच्या तसा इथं लागू होत नाही. आपला होकार मराठवाड्याला लागू होतो का, हेही तिथं तपासल्याशिवाय कळणार नाही, एवढं तुमचं मान्य.

हिशेबी
मग दुसऱ्या गटानं, दुसऱ्या भागात हेच करून दाखवावं. तोवर 'शक्यता' म्हणा, 'निष्कर्ष' नको.

प्रयोगवही
'निष्कर्ष' मी सोडणार नाही. अंतिम नाही, पण निष्कर्ष आहेच. कोरडवाहू, तुमच्याकडं पावसाची काही नोंद आहे का?

कोरडवाहू
आहे. वडील ७२ च्या दुष्काळापासून वही लिहायचे, आता मी लिहितो. मिलिमीटर नाही, ओल किती गेली ते. खुरप्यानं उकरायचं: चार बोटं, वीत, हात. तुमचं वाचून रात्री वही काढली. २०१९ मध्ये विमान दिसल्याच्या तीन नोंदी, तिन्ही वेळा रान कोरडं. तेच मी सगळ्यांना सांगत होतो. पण विमान दिसलं आणि ओल झाली, अशी एकही नोंद नाही. तसे दिवस नव्हते की मी लिहिलेच नाहीत, खरंच आठवत नाही. पाऊस आला की माणूस वहीत विमान लिहीत बसत नाही, पेरायला पळतो.

तरी ढग सोडून देणं मला पटलेलं नाही. पुढच्या वेळी करायचं असेल तर आधी गावात येऊन सांगा, कोणता ढग का सोडणार ते. आमच्याच डोक्यावरून जातो तो.