संगणकातली उत्क्रांती खरी मानायची की नाही?

काजवा
कृत्रिम जीव, म्हणजे संगणकात स्वतःची नक्कल करत वाढणारे प्रोग्रॅम, हा नुसता शोभेचा स्क्रीनसेव्हर, असं परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं. म्हणून हा धागा.

टॉम रे हा डेलावेअर विद्यापीठातला परिसंस्थांचा अभ्यासक, कोस्टारिकाच्या जंगलात काम केलेला. १९९० मध्ये त्याने 'टिएरा' नावाच्या आभासी संगणकात एकच प्रोग्रॅम सोडला. ८० सूचनांचा, काम एकच: स्वतःची नक्कल करणं. नकलेत अधूनमधून चूक होईल अशी सोय केली, आणि जागा भरली की जुन्यांना, चुका करणाऱ्यांना उचलणारा 'रीपर' बसवला. यमच म्हणा. लवकरच ४५ सूचनांचे जीव दिसायला लागले. नक्कल करणारा भाग त्यांच्याकडे नव्हताच, ते शेजाऱ्याचा वापरत. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडी घालावीत तसं. मग या परजीवींना दाद न देणारे यजमान आले, त्यानंतर परजीवींनाच लुटणारे. यातलं काहीही रेने लिहिलं नव्हतं. नक्कल आहे, चूक आहे, निवड आहे. मग याला उत्क्रांती म्हणायला जीभ का अडखळते?

तिरकस_तात्या
काहीही लिहिलं नव्हतं म्हणे! ८० सूचनांचा तो पूर्वज काय आभाळातून पडला? पहिला नक्कल करणारा रेणू आला कुठून, हे सगळ्यात अवघड कोडं. ते रेने हाताने सोडवून दिलं. बरं, शेजाऱ्याच्या कोडमध्ये लिहायला बंदी, पण तो वाचायला आणि चालवायला मुभा, हा नियम कुणाचा? त्याचाच. दार सताड उघडं ठेवायचं आणि चोर शिरला की टाळ्या वाजवायच्या. पुढे काय झालं तेही सांगा की. जीव आखूड होत गेले, एकमेकांना लुबाडत राहिले आणि गाडी तिथेच रुतली. डोळा नाही, पंख नाही.

सुनीता_क
तात्या, पूर्वज कुठून आला हा जीवोत्पत्तीचा प्रश्न झाला. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात तो सोडवला नव्हता, म्हणून नैसर्गिक निवड खोटी ठरली का?

'गाडी रुतली' हेही अर्धंच. रिचर्ड लेन्स्की हा १९८८ मध्ये ई. कोलायच्या १२ वसाहती वाढवायला घेतलेला माणूस, म्हणजे खऱ्या जिवाणूंवर हात बसलेला. त्याने आणि सहकाऱ्यांनी 'अविडा' या टिएराच्या पुढच्या पिढीतल्या प्रणालीवरचे प्रयोग २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापले. दोन संख्यांचे बिट (० आणि १ हे अंक) जुळतात का हे तपासण्याची एक अवघड क्रिया ५० पैकी २३ वसाहतींत उगवली. सोप्या क्रिया जमल्या की मिळणारं बक्षीस, म्हणजे संगणकाचा जास्तीचा वेळ, काढून घेतल्यावर मात्र ५० पैकी एकीतही नाही. वाटेतले काही बदल तर त्या क्षणी चक्क नुकसानीचे होते. गुंतागुंत पायरीपायरीने कशी चढते, हे पूर्वजांची अख्खी वंशावळ हातात ठेवून पाहता आलं. जीवाश्मांत अशी चैन नसते हो.

तिरकस_तात्या
बक्षीस! शब्द तुमच्याच तोंडून आला, बरं झालं. काय जमलं की किती बक्षीस, हे परीक्षकांनी आधीच ठरवलेलं. जंगलात असा फलक कोण लावतं?

चिपवाला
तात्यांचा रोख बरोबर आहे, पण नेम थोडा चुकतोय. बक्षीस माणसाने ठरवलं म्हणून बिघडत नाही. कबुतरांच्या जातीही माणसानेच निवडून काढल्या, आणि डार्विनने सुरुवात तिथूनच केली. टिएरात खरी अडचण ही की ते जग चहूबाजूंनी बंद आहे. बाहेरचं काही आत झिरपतच नाही.

उघड्या जगात काय होतं ते ससेक्स विद्यापीठातल्या एड्रियन थॉम्पसनच्या चिपमध्ये बघा. आतली जुळणी हवी तशी बदलता येते अशी ही चिप, एफपीजीए. तिचा १० गुणिले १० घरांचा कोपरा त्याने घेतला. काम: १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ हे दोन स्वर ओळखायचे. सर्किटचे भाग एका तालात ठेवणारा घड्याळाचा संकेत दिलाच नाही. काही हजार पिढ्यांनंतर सर्किट चोख चालायला लागलं. उघडून पाहिलं तर काही घरं बाहेर पडणाऱ्या संकेताशी कुठल्याच वाटेने जोडलेली नव्हती. बिनकामाची वाटतात ना? ती गोठवली की सर्किट बिघडायचं! तीच जुळणी दुसऱ्या चिपवर नेली तर तितकी नीट चालेना. थोडक्यात, सिलिकॉनच्या त्या एका तुकड्याचे अंगचे गुणदोष उत्क्रांतीने वापरले होते. कुठल्याही इंजिनिअरने हे सर्किट नापास केलं असतं. मीही.

नवखा_नंदू
मग चॅटजीपीटी वगैरे यात कुठे बसतात?

सुनीता_क
नंदू, तिथे पिलावळ नसते आणि जगण्या-मरण्याची स्पर्धाही नसते. एकाच न्यूरल नेटवर्कमधले, म्हणजे कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यातले, आकडे चूक कमी होईल त्या दिशेला सरकवत नेतात. ते शिकणं आहे. वेगळा धागा काढ.

काजवा
चिपवाला, बंद जगातही पळवाटा निघतात. अविडा घडवणाऱ्यांपैकी एक, चार्ल्स ओफ्रिया, याला तिथे नकलेचा वेग वाढू द्यायचा नव्हता. म्हणून प्रत्येक नव्या जीवाला तो बाजूला काढून तपासायचा आणि वेगवान दिसला की मारायचा. थोड्याच काळात जीव तपासणीची जागा ओळखून तिथे नक्कल करेनासे झाले, मेल्याचं सोंगच म्हणा. हे त्याला हवं होतं का?

तिरकस_तात्या
सोंग वगैरे नको. तपासणीत जे हलत नाहीत ते उरले, इतकंच. आणि ती जागा ओळखू आली कारण तिथले इनपुट वेगळे होते. म्हणजे पुन्हा दार उघडं राहिलं, ते ओफ्रियाकडून. चिपवाल्याचा दाखला मात्र मला छळतोय. थॉम्पसनने त्या न जोडलेल्या घरांसाठी कुठलंच दार ठेवलं नव्हतं. तसं निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये घडलेलं एक तरी उदाहरण द्या, मग बोलू.