आरव्हीतलं कार्पेट काढून व्हिनाइल टाकायचंय, स्लाइड-आउटखाली किती जाडी चालेल?

मिनेसोटावासी

नमस्कार मंडळी,

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर. आमची २०१२ची क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली), फोर्ड ई-४५० चॅसीवरची, २९ फुटी. ड्रायव्हरच्या बाजूला एकच स्लाइड-आउट (गाडी उभी केल्यावर भिंतीबाहेर सरकणारा खोलीचा भाग), त्यात सोफा आणि डायनेट, म्हणजे जेवणाचं टेबल आणि बाकं. ओट्यासमोर आणि बाथरूममध्ये कारखान्यातूनच व्हिनाइल शीट आहे. बाकी सगळीकडे, म्हणजे बैठक, स्लाइड, पलंगाभोवतीची पट्टी आणि पुढची केबिन, फिकट बदामी कार्पेट. कुत्र्याचे केस, वाळू आणि सांडलेला चहा यांनी ते कामातून गेलंय. शॅम्पू केलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तोच कुबट वास.

घरात टाकतात तसे क्लिकचे व्हिनाइल प्लँक टाकायचा विचार आहे: ५ मिमी जाडी आणि खाली १ मिमी फोम आधीच चिकटवलेला. क्षेत्रफळ ११० चौरस फूट भरतं. गाडी हिवाळ्यात उघड्यावर, हीटरशिवाय उभी असते, तेव्हा आतलं तापमानही उणे २५ सेल्सिअसपर्यंत जातं असं धरा. हे प्लँक स्लाइडखाली बसतील का? थंडीत काय होईल? आणि कार्पेटच्या स्टेपल काढायची काही युक्ती?

सुतारपक्षी

डिझाइन नंतर निवडा, आधी स्लाइडला विचारा.

स्लाइड दोन प्रकारच्या. काहींची जमीन बाहेर गेल्यावर खाली उतरून मुख्य जमिनीच्या पातळीला येते. बाकीच्यांची कायम वरच राहते, त्यामुळे आत पायरीसारखा उंचवटा दिसतो. क्लास सीमध्ये बहुतेक दुसराच प्रकार असतो. आता स्लाइडचा हा डबा कशावर तोललाय ते बघा. गाडीच्या पोटाखाली लोखंडी रेल असतील तर वजन चॅसीवर आहे आणि डब्याखालची फट ही खरी फट. डब्याच्या तळाला रोलर असून ते तुमच्या जमिनीवर फिरत असतील तर गोष्ट वेगळी. कार्पेट दबतं म्हणून रोलर गुपचूप चालतात, व्हिनाइलवर तेच रोलर चर पाडतात. तिथे रोलरच्या वाटेत एचडीपीई प्लास्टिकची पट्टी बसवावी लागते, किंवा तेवढंच कार्पेट ठेवावं लागतं.

फट मोजायची ती कार्पेटवरून नाही. स्लाइड आत घ्या, डब्याच्या कडेला तळहाताएवढं कार्पेट कापून प्लाय उघडा करा आणि क्वार्टरची (२५ सेंटची) नाणी एकावर एक रचून डब्याखाली सरकवा. एक क्वार्टर १.७५ मिमी जाड असतं. डब्याच्या पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला, अशा तीन ठिकाणी मोजा. हेच स्लाइड अर्धी बाहेर असताना पुन्हा करा, कारण काही डबे मध्येच नाक खाली घालतात. हात खाली घालण्याआधी स्लाइडचा फ्यूज काढून खिशात ठेवा.

चाकावरचं_घर

वजनाचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. तुम्ही म्हणताय ते प्लँक बहुधा एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी. ५ मिमीला चौरस फुटामागे साधारण २ पौंड पडतात. ११० फुटांना २२० पौंड, म्हणजे १०० किलो. नक्की आकडा खोक्यावर छापलेला असतो. दारापाशी ओसीसीसीचं स्टिकर असेल, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारं. त्यातून हे वजा करा. निघालेल्या कार्पेटचं वजन अर्थात परत मिळेल, पण ते निम्म्याच्याही आतच. २ मिमी व्हिनाइल शीट टाकली तर सगळी मिळून ३०-३५ किलोत आटपते.

लॅमिनेट आणि सिरॅमिक टाइल यांचा विचारही नको. लॅमिनेटचा गाभा पाणी पिऊन फुगतो, आणि चालत्या गाडीची चौकट पिळवटते तेव्हा टाइलचे सांधे तडकतात.

आता थंडी. एसपीसी डिग्रीमागे मीटरला साधारण ०.०३ मिमी आकसतं किंवा वाढतं. उन्हाळ्यात बंद गाडीत ४५ अंश, हिवाळ्यात उणे २५, फरक ७० अंशांचा. साडेचार मीटर लांबीत हा हिशोब जवळजवळ १ सेंमी होतो. प्लँक मोकळे असले तर ही हालचाल कडेच्या फटीत मुरते. पण आरव्हीत नेमकं उलटं घडतं: सोफ्याचे पाय, डायनेटचे खोके, टीव्हीचं कपाट, सगळं त्याच प्लँकमधून आरपार स्क्रू मारून आवळतात. मग जमीन दोन खुंट्यांच्या मध्ये अडकते. उन्हात मधोमध फुगते, थंडीत क्लिकचे सांधे उघडतात आणि त्यात वाळू बसली की परत मिटत नाहीत.

प्लँकच हवे असतील तर फर्निचर प्लायवरच बसवा आणि प्लँक त्याच्याभोवती कापा. भिंतीशी पाव इंच फट सोडा. लांबी मोठी असेल तिथे मध्ये एक टी-पट्टी घालून जमिनीचे दोन तुकडे करा. कडेची गोल पट्टी कपाटाला ठोका, जमिनीला नाही. चिकटवलेला फोम असताना खाली आणखी फोम घालू नका, पाय पडेल तसा सांधा वर-खाली होऊन क्लिकची जीभ तुटते.

मिनेसोटावासी

धन्यवाद, दोघांचेही. पोटाखाली दोन लोखंडी रेल आणि मोटर आहे, डब्याला रोलर नाहीत. उघड्या प्लायवरून मोजलं: पुढच्या टोकाला ७ नाणी गेली, मध्ये ६, मागच्या टोकाला जेमतेम ४. अर्धी बाहेर असतानाही तेवढंच. म्हणजे ६ मिमी बसायला हरकत नाही ना?

सुतारपक्षी

हरकत आहे. ४ नाणी म्हणजे ७ मिमी. चालताना गाडी हलते, डबा हलतो, शिवाय खाली एखादा खडा येतोच, म्हणून निदान ३ मिमी मोकळे राहायला हवेत. उरले ४. तुमचा ६ मिमीचा प्लँक पहिल्याच खेपेला मागच्या टोकाला खरवडला जाईल, आणि त्याची कड डब्याला अडकली तर सोलूनही निघेल.

पण मला जास्त खटकतंय ते ७ आणि ४ मधलं अंतर. एकाच डब्याखाली ५ मिमीचा फरक कुठून आला? एक तर स्लाइड तिरकी झालीय, नाहीतर मागच्या कोपऱ्यात प्लाय ओलाव्याने फुगलाय. स्लाइडच्या कोपऱ्यातलं रबर सुकून गेलं की पाणी नेमकं तिथेच उतरतं, आणि तुमचा कुबट वासही कदाचित तिथलाच. टोचा घेऊन तो कोपरा दर दोन इंचांवर टोचत जा. चांगल्या प्लायमध्ये टोक अडतं, कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं जातं. दार, शॉवरची भिंत आणि खिडक्यांखालचे कोपरेही असेच तपासा.

ओल सापडली तर आधी गळती बंद करा, मग आठवडाभर पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून सुकवा. ओलावामापक १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय वर काहीही घालू नका. कार्पेटमधून ओल निदान उडून तरी जाते, व्हिनाइल म्हणजे भांड्यावर झाकण. कुजलेला तुकडा कापून नवा घालताना सर्क्युलर करवतीची खोली प्लायच्या जाडीएवढीच ठेवा, खाली वायरी, पाण्याच्या नळ्या आणि फर्नेसची नळी असते. स्क्रूचंही तेच. लांब स्क्रू थेट पाण्याच्या टाकीत उतरलेले बघायला मिळतात.

स्लाइड तिरकी निघाली तर रेलची उंची जुळवायचं काम जाणकाराकडे द्या. बाहेरच्या सीलचा दाब त्यावर ठरतो.

चाकावरचं_घर

सहमत. मग उत्तर सोपं झालं: फायबरग्लास पाठीची व्हिनाइल शीट, २ ते २.५ मिमी. अमेरिकेत रोल १२ फूट रुंद मिळतो आणि गाडीची बाहेरची रुंदीच १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. त्यामुळे बैठक एका तुकड्यात होते, सांधा नाहीच. फेल्ट पाठीची स्वस्त शीट घेऊ नका. ती पूर्ण चिकटवावी लागते आणि ओल शोषते. फायबरग्लासवाली थंडी-उन्हात फारशी हलत नाही आणि नुसती कडेने चिकटवली तरी पुरते. पुढे कधी प्लाय दुरुस्त करायची वेळ आली तर गुंडाळून बाजूला ठेवता येते. घेण्याआधी कंपनीच्या पत्रकात किमान तापमान आणि वाहनात चालतं का ते वाचा. बऱ्याच कंपन्या वाहनाला वॉरंटी देत नाहीत.

एक तोटा आहे. पातळ शीटवर खालचा प्रत्येक उंचवटा उमटतो, एक राहिलेली स्टेपलसुद्धा. म्हणून तयारीचं काम प्लँकपेक्षा जास्त. खड्डे भरायला सिमेंटची पुट्टी वापरू नका, गाडीच्या थरथरीने ती भुगा होते. लाकडाचं इपॉक्सी फिलर भरा आणि ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा.

ओहायोकर

स्टेपलबद्दल. कारखान्यात कार्पेट आधी पसरतात आणि फर्निचर वर ठेवतात, म्हणून ते सोफा-डायनेटच्या खालीही गेलेलं असतं. सगळं एका दमात ओढायला जाऊ नका. धारदार ब्लेडने एक-दीड फूट रुंद पट्ट्या कापा आणि एकेक गुंडाळत जा. ब्लेड कार्पेटच्या पाठीपुरतंच, आणि दर दहा-पंधरा फुटांनी नवं. फर्निचरच्या कडेला ब्लेड सरळ धरून कापा आणि खालचं तसंच सोडा. डायनेट मात्र काढलेला बरा, त्याचे स्क्रू बहुतेकदा खोक्याच्या आतून असतात. पण सीटबेल्ट असलेल्या सीटचे बोल्ट हलवायचे नाहीत. हलवलेच तर उत्पादकाने सांगितलेला ग्रेड आणि टॉर्क पाळून परत घाला, हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट चालत नाही.

स्टेपल: चपटा स्क्रूड्रायव्हर खाली सरकवून एक पाय उचला, मग तोंडाने कापणाऱ्या पकडीत धरून पकड आडवी लोळवा. वर खेचलं तर स्टेपल मध्येच तुटते, लोळवलं तर मुळासकट येते. तुटलेली हातोडीने पुरती खाली ठोका. शेवटी चुंबक फिरवा, आणि मग जुनं क्रेडिट कार्ड जमिनीला टेकवून ओढत न्या. जिथे टक् वाजेल तिथे एक राहिलेली आहे.

स्लाइड पूर्ण बाहेर असतानाही डब्याची कड मुख्य जमिनीवर काही इंच येते, आणि कार्पेट तिच्याखाली गेलेलं असतं. हात जाईल तेवढं कापून काढा. पुढचं निघालं नाही तर राहू द्या, तिथे कुणाची नजर जात नाही. नवी शीट डब्याखाली तीन-चार इंच सरकवली की कड झाकली जाते.

सुतारपक्षी

शीट कापण्याबद्दल. भिंतीला लावून थेट कापायला गेलात तर एक चूक आणि सगळा तुकडा वाया. जाड तपकिरी कागद अंथरा, भिंतीपासून साधारण एक इंच कमी ठेवून. कागदात जागोजागी त्रिकोणी खिडक्या कापून त्यांवरून चिकटपट्टी लावा, म्हणजे कागद जमिनीला धरून राहतो. गुण्याचं दोन इंची पातं भिंतीला टेकवा आणि आतल्या कडेने कागदावर रेघ मारत जा. कपाटाचे कोपरे, फर्नेसच्या जाळ्या, सगळं त्याच पात्याने. मग कागद शीटवर पसरा, पात्याची आतली कड रेघेवर ठेवा आणि बाहेरच्या कडेने कापा. पाव इंच फट हवी तिथे तेवढं आत. शीट आधी २४ तास २० अंशांच्या वर सरळ पसरून ठेवा, थंड शीट वाकवली की चिरते. पलंगाभोवतीची पट्टी वेगळी कापा. सांधा दाराच्या उंबऱ्याखाली येऊ द्या, तिथे ॲल्युमिनियमची पट्टी बसते.

स्लाइडच्या पुढच्या कडेवर ॲल्युमिनियमचा कोन लावाल तर तो डब्याच्या तळाखाली लोंबणार नाही ना बघा. नाहीतर इतका वेळ मोजलेली फट तोच खाऊन टाकेल.

ओहायोकर

केबिन विसरू नका. ई-४५० मध्ये इंजिनचं झाकण दोन सीटच्या मध्ये वर येतं आणि चांगलंच तापतं. तिथे शीट चिकटवली तर गोंद मऊ होऊन कडा उचलतात, आणि खालचं जाड अस्तर काढलं तर आवाजाने बोलणं मुश्किल. कामाच्या व्हॅनसाठी ई-सिरीजची साच्यातली काळी व्हिनाइल जमीन मिळते, खाली फोमसकट. तीच घ्या.

आणि आपल्या स्वयंपाकाचं एक. फिकट पांढरी शीट घेतलीत तर हळद-तेलाचा डाग धरेल. लगेच पुसा. राहिलाच तर त्या जागेवर दोन-तीन दिवस ऊन येऊ द्या, हळदीचा रंग उन्हाने उडतो. रबरी पाठीच्या पायपुसण्याचा पिवळा डाग मात्र उडत नाही. रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये उतरतं. दारात सुती किंवा विणलेलं पायपुसणं टाका. वाफेचा मॉप वापरू नका, कडेचा गोंद सुटतो.

मिनेसोटावासी

मागचा कोपरा टोचला. कोपऱ्यापासून दीड फुटाच्या अंतरापर्यंत टोचा सहज आत जातोय, आणि डब्याच्या कोपऱ्यातलं रबर फाटलेलं आहे. शीटची ऑर्डर थांबवली. आधी रबर आणि प्लाय.