डांबरी रस्त्यावर दुडकी मारल्याने घोडीचे पाय खराब होतात का?

नीराकाठ

5 वर्षांची काठेवाडी घोडी आहे. घरापासून कालव्याच्या मातीच्या वाटेपर्यंत 3 किलोमीटर रस्ता, निम्मा डांबरी आणि निम्मा काँक्रीटचा. चारही पायांना साधी लोखंडी नाल. नालबंद म्हणतो, कडक रस्त्यावर दुडकीने (पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय जोडीने टाकत, चालण्यापेक्षा जलद) नेली की पाय पक्के होतात. गावातले जुने घोडेवाले म्हणतात, डांबरावर फक्त चालवा, नाहीतर दोन वर्षांत घोडी पायातून जाईल. खरं कोणाचं मानायचं? आणि दुडकी घ्यायचीच झाली तर किती?

पशुवैद्य_सातारा

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

घोडा चालत असतो तेव्हा पुढच्या एका पायावर त्याच्या वजनाच्या साधारण 60 टक्के भार येतो. दुडकीत तो जवळजवळ पूर्ण वजनाइतका होतो, वर स्वार वेगळा. पण हा भार मातीवरही येतोच. कडक रस्त्याचा खरा त्रास वेगळा आहे: खूर टेकताक्षणी जागच्या जागी थांबतो आणि तो झटका काही मिलिसेकंदांत नळीपर्यंत (गुडघ्याखालच्या लांब हाडापर्यंत) चढतो. मातीत खूर थोडा रुततो, थोडा घसरतो, त्यामुळे झटका पसरतो.

हाड मात्र जिवंत असतं. थोडाथोडा आणि नियमित भार मिळाला तर ते घट्ट होतं, नालबंदाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. भार एकदम वाढवला की बिघडतं. तरुण घोड्यात आधी दिसते ती पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, नळीवर येणारी टणक गाठ. नवी गाठ गरम असते आणि दाबली की घोडी पाय ओढून घेते. अशी गाठ आली तर दुडकी पूर्ण बंद, दिवसातून दोनदा 20 मिनिटं गार पाण्याची धार आणि डॉक्टरला दाखवणं. बरं व्हायला सहज 4 ते 6 आठवडे जातात. जुनी, थंड, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा फक्त दिसायला वाईट. (बाजारात गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे मोजण्यात जेवढा वेळ घालवतं त्याच्या निम्मा वेळ नळीवरून हात फिरवण्यात घालवेल तर बरं!)

वयस्क घोड्यात घोट्याखालच्या सांध्यांभोवती हाड वाढतं, ते परत जात नाही. आणि कडक रस्त्यावर लांबवर जोरात पळवल्यावर खुराच्या आतल्या पडद्यांना सूज येते, ती सगळ्यात वाईट. ती आली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

खूर_आणि_नाल

वयाचं झालं, आता नालेचं बघा. खूर टेकला की टाचेकडे किंचित फाकतो आणि तळव्यातला रबरासारखा त्रिकोणी भाग जमिनीला लागतो. झटका जिरवायची ही घोड्याची स्वतःची सोय. नालबंद शेवटचा खिळा टाचेकडे फार मागे मारतो तेव्हा तीच बंद पडते. खुराचा सर्वात रुंद भाग जिथे आहे, त्याच्या मागे खिळा नको. आणि नाल टाचेपर्यंत पुरेशी लांब हवी, आखूड नाल बसवली की टाच चिरडते.

खूर महिन्याला 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. रस्त्यावर नाल झिजते म्हणून ती झिजेपर्यंत थांबू नका. 5 ते 6 आठवड्यांनी काढा, खूर तासा, नाल ठीक असेल तर तीच परत बसवा. पुढचा चवडा लांबला की पाय उशिरा सुटतो आणि पायामागच्या कंडरा ताणल्या जातात.

घसरू नये म्हणून नालेला टंगस्टन कार्बाइडची टोकं लावतात. उतारावर उपयोगी आहेत, पण खूर एकदम अडवतात, म्हणजे वरच्या उत्तरात सांगितलेला झटका आणखी वाढतो. रोज 3 किलोमीटर सपाट रस्त्यासाठी मी ती लावणार नाही. नाल आणि खूर यांच्यात रबरी किंवा प्लास्टिकचा पॅड चालेल, मात्र पावसाळ्यात त्याच्याखाली चिखल आणि ओल अडकून तळवा कुजतो, तेव्हा तो काढून ठेवा.

कदमचाल

नीराकाठ, तुमच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. चालत घोडी ताशी 6 किलोमीटर जाते, म्हणजे कालव्यापर्यंत अर्धा तास. दुडकीने 15 मिनिटं. वाचतात फक्त 15 मिनिटं, आणि तो अर्धा तास अंग गरम करायला हवाच असतो.

तरी पाय घडवायचेच असतील तर पहिले 3 आठवडे रस्त्यावर फक्त चाल. चौथ्यापासून डांबरावर 2 मिनिटांची संथ दुडकी, मग 5 मिनिटं चाल, परत 2 मिनिटं. हळूहळू एका फेरीत एकूण 10 मिनिटांपर्यंत, आठवड्यातून 3 दिवस. सरळ आणि सपाट भागातच. उतारावर नाही, वळणावर तर मुळीच नाही, कारण तिथे सांधा पिळतो. रिकिबीवर उठबस करत असाल तर मधेमधे एक ठोका जादा बसून बाजू बदला, नाहीतर एकाच तिरक्या जोडीच्या पायांवर भार पडत राहतो.

काँक्रीटवर दुडकी टाळा. ते डांबरापेक्षा कडक, आणि ओलं झालं की नाल साबणासारखी सरकते. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायला घोडेवाल्यांचा विरोध का होता, हे उतारावर घोडा उतरवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची झाकणंही तशीच घसरडी.

नीराकाठ

माझं वजन 62, खोगीर 9 किलो. हे जास्त होतं का? आणि भार सोसत नाही हे लंगडण्याआधी कसं ओळखायचं?

पशुवैद्य_सातारा

फितीने मोजा. छातीचा घेर 165 सेंमी आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी 150 सेंमी असेल तर 165 × 165 × 150 भागिले 11880, म्हणजे सुमारे 344 किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत, म्हणजे 69 हवं. तुमचं 71 होतं. मातीवर निभेल, पण कडक रस्त्यावर दुडकी घेताना हलकं खोगीर वापरा.

दुसरं, रोज सकाळी बाहेर काढण्याआधी चारही खुरांना हात लावा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर थांबा. मग घोट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. निरोगी पायात ती शोधावी लागते. सहज टणटण लागली तर त्या दिवशी रस्ता नाही. शंका असेल तर कुणाला तरी सपाट कडक जागेवर लगाम सैल धरून घोडी दुडकीने समोर आणायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना ती मान वर उचलते, चांगला पाय टेकताना खाली सोडते. ही तपासणी मातीवर नीट होत नाही, तेवढ्यासाठी मात्र डांबर उत्तम.