उत्तर: ते काळे गोळे म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्या

वर्कशॉपच्या खिडकीतल्या धुळीत सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हाला दिसलेले गुळगुळीत काळे गोळे उल्काधूळ असतील का, असं विचारलंत. मला तरी ती ग्राइंडरची करामत वाटते. चाकावरून उडालेला पोलादाचा कण हवेत पेटतो, वितळतो आणि पृष्ठताणामुळे गोल होऊन थिजतो. वेल्डिंगमधूनही असेच गोळे उडतात. घराच्या छतावर उल्काकण शोधणाऱ्यांना सगळ्यात जास्त चकवतात ते हेच.

खालून प्रकाश देऊन पाहिलं असेल तर तो दिवा आधी बंद करा. धातूतून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे सगळंच काळं दिसतं. बाजूने तिरका टॉर्च मारा. मग पितळ पिवळं चमकतं, अॅल्युमिनियम रुपेरी दिसतं, लेथचा चुरा स्प्रिंगसारखा वळलेला, तर कानशीचा कीस ओबडधोबड. टोकदार, काचेसारखे अर्धपारदर्शक तुकडे दिसले तर ते बहुधा चाकाचेच खडे.

लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवा. मी एकदा उघडाच फिरवला, अजून साफ करतोय! ३०४ प्रकारचं स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून चिकटलं नाही की लोखंड नाही असं धरू नका.

साध्या लोखंडासाठी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा थेंब टाका, कणावर तांब्याची लाली चढते. मात्र गोळ्यांवर ऑक्साइडचा थर असतो, तिथे ही खूण नीट उमटत नाही.