एअर सस्पेन्शन काढून घरीच कॉइल? ‘कुणालाही जमतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

होटगी रोडकर
काल इथे एकाने लिहिलं की जुन्या एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर गाडी पेलणारी सिस्टीम) म्हणजे पैसे खाणारं भूत, चारही फुगे काढून फेका, कॉइल स्प्रिंगा टाका, रविवारी सकाळी हात घातला की जेवणाच्या आत काम संपतं, पान्याचा सेट असला की कुणालाही जमतं. खाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. अंगणात गाडी उघडून बसणारी पोरं हे वाचणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली म्हणजे अख्खी सिस्टीम मेली असं होत नाही. बहुतेक वेळा एकाच फुग्याला बारीक भेग असते. गाडी वर चढवा, साबणाचं पाणी घ्या आणि फुग्याचं रबर खाली पिस्टनवर जिथे दुमडतं त्या घडीला ब्रशने लावा. आपल्याकडची धूळ नेमकी त्या घडीत जाऊन बसते, गाडी हलली की रबर तिच्यावर घासतं आणि तिथेच चिरा पडतात. बारीक बुडबुड्यांची रांग दिसली की चोर सापडला. हवा तिथून जाते म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. मग लोक कॉम्प्रेसर नवा टाकतात, फुगा तोच ठेवतात, आणि नवा कॉम्प्रेसर गेला की ‘एअर बेकार’ म्हणून बोंब मारतात.

आता ‘कुणालाही जमतं’बद्दल. गाडी २४०० किलोची धरा, म्हणजे उभ्या गाडीत एकेका चाकावर सरासरी ६०० किलो. तेवढं पेलणारी स्प्रिंग बसवण्यासाठी घरी आटे पाडलेल्या दोन सळया लावून आवळायची? हूक सटकला तर ती कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. फुग्यातली हवा न सोडता नळीचा नट सैल केला तर आणखी वेगळा धोका, टाकीत दहा बारच्या वर दाब असतो. आणि सिस्टीम चालू ठेवून जॅक लावला तर गाडी आपली उंची स्वतः बदलायला बघते. स्टँड न लावता खाली शिरलेल्या माणसाला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

माझं म्हणणं एवढंच: आधी लीक शोधा, फुगा बदला. कॉइल करायचंच असेल तर लिफ्ट असलेल्या गॅरेजात करा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
ती पोस्ट माझी. तुम्ही म्हणता फुगा बदला. कुठे? सोलापुरात कोण बदलतंय? पुणं अडीचशे किलोमीटर. आणि एक फुगा बदलला की त्याच वयाचा दुसरा जातो. तो बदलला की हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, मग हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरमधले दाणे ओले होतात, मग उंची मोजणारा हाइट सेन्सर. गाडी घेतली जुन्या भावात, पण पार्ट नव्या गाडीच्याच भावात मिळतात.

माझ्या मेव्हणीच्या लग्नाला गाडी मंगल कार्यालयासमोर बसली. टायर मडगार्डला टेकले, जागची हलेना. आत नवरीची मावशी, दागिन्यांची पेटी, बाहेर वरात तुंबलेली. शेवटी ट्रकवर चढवून पुण्याला पाठवली. त्या दिवशी ठरवलं.

आणि आवळायच्या सळयांचं म्हणाल, तर कॉइलचं किट नीट बघा. स्प्रिंग, शॉकअप, वरचं माउंट सगळं एकाच स्ट्रटमध्ये जोडूनच येतं. जुना स्ट्रट काढा, नवा लावा. अमेरिकेतल्या स्ट्रटमास्टर्स, आर्नॉट अशा कंपन्या अशी किटं कायम विकतायत. रेंज रोव्हरवर १९९२ ला इलेक्ट्रॉनिक एअर आलं, पुढे तिचेच मालक गाड्या कॉइलवर न्यायला लागले. ते सगळे अडाणी होते का?

होटगी रोडकर
जोडून आलेला स्ट्रट असेल तर सळयांचा धोका नाही, मान्य. पण तुमच्या पोस्टमध्ये ‘जोडून आलेला’ हे कुठे लिहिलंय? ‘कुठल्याही जुन्या गाडीची स्प्रिंग मापाला कापून बसते’ हे मात्र लिहिलंय. गॅसने कापली की स्प्रिंगचं पाणी उतरतं, आणि वेटोळी कमी झाली की ती आखूड तर होतेच, वर कडकही होते. हे वाचून कुणी भंगारातली स्प्रिंग आणून कापली तर?

डेपोवाला
वडील एसटीत होते, म्हणून बोलतो. व्होल्वोची बी-सेव्हन-आर ही एअर सस्पेन्शनची बस २००१ ला भारतात आली, तेव्हापासून लोक हवेवर बसून पुण्या-मुंबईला जातायत. खड्डे तेच, ऊन तेच. एअर नाजूक असतं हे मला पटत नाही. निगा नाही हे खरं दुखणं.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
बसला ब्रेकसाठी इंजिनवर चालणारा मोठा कॉम्प्रेसर असतोच, उंचीचा व्हॉल्व्ह साधा दांडीचा असतो, बेलो, म्हणजे रबरी फुगा, डेपोतला मेकॅनिक बदलतो. आमच्या गाडीत छोटा विजेचा कॉम्प्रेसर, तोही थांबून थांबून चालायला केलेला, आणि वर कॉम्प्युटर. कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटले तर तो बंदच होत नाही. ही तुलना लागू होत नाही.

डेपोवाला
कॉम्प्रेसरचं बरोबर आहे. रबराचं नाही. रबर दोन्हीकडे रबरच आहे.

जुळे सोलापूर
तुम्ही सगळे गाडीला दोष देताय. फुगे फाडतंय कोण? गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मानकाची १९८८ ची आवृत्ती सांगायची की गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलाकार, म्हणजे गाडी ताशी २५ ने आरामात जाते. वर पट्टे रंगवायचे, अलीकडे फलक लावायचा. आमच्या कॉलनीत डांबराचा ढीग ओतून वर फावडं मारलेलं असतं. हातभर रुंद आणि वीतभर उंच. अंधारात दिसत नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे मणके गेलेत.

शेळगी
दादा, ते ढीग आम्हीच ओतलेत. माझ्या भाचीला शाळेच्या दारात बाइकवाल्याने उडवलं, पायात रॉड आहे. अर्ज करून थकलो, कुणी आलं नाही. मग गल्लीने वर्गणी काढून रात्रीत केला. त्यानंतर तिथे एकही अपघात नाही. तुमच्या गाडीचा फुगा महाग की पोरीचा पाय?

जुळे सोलापूर
ताई, पोरीचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण त्याच ढिगावर रात्री एखादा घसरला तर? ३.७ मीटरचा केला तरी गाड्या हळूच होतात, कुणी पडत नाही. वर्गणी काढलीच होती तर मापात करायचा होता.

शेळगी
माप रस्ता करणाऱ्या खात्याने घ्यायचं असतं. आम्ही फीत घेऊन रस्त्यावर बसायचं का? आणि रंग मारलाय आम्ही, दर दिवाळीला मारतो.

विजापूर नाका
रस्ता नीट कधी राहणार? आज डांबर, उद्या पाइपलाइनसाठी खोदाई, मग चर तसाच. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसमध्ये २०१६ ला आपलं नाव आलं, आणि पाणी अजून दिवसाआडसुद्धा नाही. उजनीत पाणी आहे, नळाला नाही.

जुळे सोलापूर
पाण्याचा वेगळा धागा काढा. गतिरोधकाचं बोला. महापालिकेला आपण सगळ्यांनी मिळून आयआरसीची प्रत जोडून निवेदन द्यायला हवं. ताई, तुमच्या गल्लीचं नाव पहिलं घालतो. शाळेसमोरचा आधी मापात करून मागू.

शेळगी
मापातला करून देणार असतील तर आमचा काढा. आधी नवा करा, मग जुना काढा. उलटं चालणार नाही.

कोर्ट पायरी
गाडीकडे या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए बघा: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
माझ्या आरसीवर रंग आहे, इंधन आहे, सीट आहेत, वजन आहे. स्प्रिंग कुठली ते नाही. मग तपशील कुठे बदलला?

कोर्ट पायरी
वाद घालायला जागा आहे, हे मानतो. पण विमा कंपनीला कळवलं का? न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर तुम्ही दावा मागत फिराल आणि ते हाच मुद्दा पुढे करतील. आरटीओ आणि विमा, दोघांकडून लेखी घ्या.

विजापूर नाका
एवढी गाडी घ्यायची ऐपत आहे, फुगा बदलायची नाही. सरळ विका आणि साधी जीप घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
माझी ऐपत काढायचं काम नाही. आईला गुडघ्यामुळे उंच गाडीत चढता येत नाही. ही गाडी खाली बसायची, ती चढायची, मग गाडी वर यायची. त्यासाठीच घेतली होती. कॉइलवर गेल्यावर ते बंद होणार हे मला तुमच्यापेक्षा जास्त लागतंय. पण हीच गाडी भर उन्हात तिला घेऊन टेंभुर्णीजवळ रस्त्यावर बसली. पायरी लावीन, स्टूल ठेवीन, पण पुन्हा तिला हायवेवर बसवून ठेवणार नाही.

होटगी रोडकर
आईचं कारण आधी लिहायला हवं होतं. त्या कारणाने कॉइल करणाऱ्याला मी अडवणार नाही. पण दोन गोष्टी त्यांच्याच सोयीच्या सांगतो. हवेची स्प्रिंग वजन वाढलं की कडक होते, कॉइल आहे तेवढीच राहते. तुळजापूरला सात जण आणि सामान घेऊन निघालात की मागची बाजू खाली, पुढचे दिवे आभाळात. हाइट सेन्सर काढले की दिव्यांची उंची आपोआप जुळत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात. तेव्हा स्प्रिंग रिकाम्या गाडीच्या नव्हे, भरलेल्या गाडीच्या हिशेबाने मागवा आणि दिवे हाताने सेट करून घ्या. दुसरं, शॉकअप इलेक्ट्रॉनिक असतील तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा कायम पेटेल. त्यासाठी किटमधलं, गाडीच्या कॉम्प्युटरला गप्प करणारं मॉड्यूल लावा. बल्ब काढून टाकला तर उद्या खरा बिघाड कळणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
पोस्ट दुरुस्त करतो. कापलेली स्प्रिंग काढतो, ‘जोडून आलेला स्ट्रट’ घालतो, स्टँडचं वरच लिहितो. पण ‘घरी’ हा शब्द राहील. मागची बाजू मी घरीच करणार.

होटगी रोडकर
मागे फुगा आणि शॉकअप वेगळे असतील तर करा, पण सिमेंटच्या जमिनीवर, सस्पेन्शनचा फ्यूज काढून, हवा सोडून आणि सोबत दुसरा माणूस ठेवून. पुढची बाजू लिफ्टवर. खालचा बॉल जॉइंट सुटला की चाकांची अलाइनमेंट करावीच लागते, ती अंगणात होत नाही.

डेपोवाला
आणि सेन्सरच्या वायरी कापू नका. प्लग काढा, तोंडाला टेप मारा, चासीला बांधून ठेवा. नळ्यांची तोंडंही बंद करा. पुढच्या मालकाला परत एअर करायचं असेल तर त्याला नवं हार्नेस (वायरींचा जुडगा) शोधत फिरावं लागू नये.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
वायरी कापणारच नव्हतो. पुढची बाजू लिफ्टवर करू, पण लिफ्ट सोलापुरातलीच बघतो. पुण्याला नेणार नाही.